प्रार्थनेत ठेवलेली मुलगी

चोपन्न वर्षांच्या बाईला विशीतली मुलं ताई म्हणतात, हे तिच्या नवऱ्याच्या पचनी कधी पडलं नाही. "काकू म्हणा, आत्या म्हणा, अगदीच जिवावर आलं तर मॅडम म्हणा," असं तो घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या चेहऱ्याला सांगायचा. मुलं हसायची आणि ताईच म्हणायची. शेवटी शाळेची बस चालवणारा हा सरळ माणूस स्वतःच बायकोला चारचौघांत 'आमच्या ताई' म्हणायला लागला. त्यावर ताई डोळे वटारायच्या आणि तो बसची किल्ली बोटावर फिरवत बाहेर सटकायचा.

ताईंनी आयुष्याची सत्तावीस वर्षं कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. पद सहायकाचं. म्हणजे सूक्ष्मदर्शक पुसायचे, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या आणि सर चष्मा कुठे विसरले ते दिवसातून तीनदा शोधायचं. प्रयोगशाळेच्या मागे सामानाची एक अरुंद खोली होती. पंचवीस वर्षांपूर्वी एका गुरुवारी दुपारी चार वाजता सात विद्यार्थी तिथे ताईंबरोबर प्रार्थनेला बसले. दुसरी खोली कुणी द्यायला तयार नव्हतं, एवढंच त्यामागचं कारण. औषधांचा वास असा की डोळे मिटून प्रार्थना करायला वेगळी भक्ती लागायची नाही, ते आपोआप मिटायचे. कोपऱ्यात लोखंडी खांबाला टांगलेला सांगाडा होता. मंडळाचा हा एकच सदस्य कधी गैरहजर राहिला नाही, असं मुलं म्हणत.

दुसऱ्या गुरुवारी सातातला एक आला नाही. त्याचं स्टूल रिकामं राहिलं. बैठक संपल्यावर ताईंनी एकाला बरोबर घेतलं आणि दिवस मावळायच्या आत त्या मुलाच्या खोलीवर जाऊन थडकल्या. मुलाला ताप होता, जवळ प्यायला पाणी नव्हतं. त्या दिवसापासून मंडळाचा नियम ठरला. बैठकीत एक स्टूल रिकामं ठेवायचं. जो आला नाही त्याचं ते. दोघांनी उठायचं आणि सूर्य मावळायच्या आत त्याच्या दारात उभं राहायचं. हातात काही न्यायचं नाही, उपदेश करायचा नाही, का आला नाहीस असं विचारायचंही नाही. त्याला बघायचं, थोडा वेळ बसायचं आणि परत यायचं. पुढे बाहेरगावचे एक मोठे पाहुणे आले आणि त्यांनी गंभीर चेहरा करून विचारलं, "आपल्या कार्याची दृष्टी काय?" ताईंनी स्टुलाकडे बोट दाखवलं. पाहुण्यांना वाटलं, बसा म्हणताहेत. ते बसले.

या नियमाने किती जण धरून ठेवले ते ताईंनी कधी मोजलं नाही. त्यातला एक मात्र सगळ्यांना ठाऊक होता. पहिल्या वर्षाला नापास होऊन ट्रंक भरत बसलेला मुलगा. ताई त्याच्या दारात पोचल्या तेव्हा एक चप्पल पायात होती आणि तुटलेली दुसरी हातात. तो ट्रंक भरायचं विसरून चप्पल शिवून आणायला धावला आणि गावी जायची गाडी चुकली. तोच आता मंडळाचा कार्यवाह. इतका वक्तशीर की त्याला सगळे घड्याळच म्हणत. त्याच्यासारखं राबणारं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा राग येण्याची शक्यता आहे.

कारण मंडळ वाढलं. एका कॉलेजचं तीन, तिनाचं नऊ झालं. ताईंनी मुदतीआधी नोकरी सोडली, निघताना भंगारात चाललेलं एक स्टूल मागून घरी आणलं आणि पूर्ण वेळ या कामाला वाहून घेतलं. बत्तीस गट, चारशेवर मुलं. बैठका सभागृहांत भरू लागल्या. तिथे बाकं जमिनीत ठोकलेली. रिकामी जागा ठेवायची तरी कुठे आणि उशिरा आलेल्याला उभं कसं ठेवायचं? मग घड्याळाने एक फॉर्म तयार केला. गटप्रमुखाने गैरहजर मुलाचं नाव लिहायचं आणि शेजारच्या रकान्यात भरायचं: प्रार्थनेत ठेवले, हो की नाही. ही नावं एकत्र करून दर गुरुवारी यादी निघायची आणि चारशे जणांच्या फोनवर जायची.

"ताई, पूर्वी दोन माणसं जायची," घड्याळ म्हणाला होता. "आता एका नावासाठी चारशे जण गुडघे टेकतात. बघा तरी केवढं झालं!"

ताईंना ते पटलं. खोटं कशाला बोला, आवडलंही. त्यांचे गुडघे दुखत होते, नऊ कॉलेजांचे जिने चढून नाकी नऊ आले होते, आणि प्रार्थनेला जिने नसतात. त्या रोज सकाळी यादी उघडून एकेक नाव मोठ्याने घेत. यात कुठे काही निसटतंय असं त्यांच्या मनात आलं नाही. आलं असलं तरी त्यांनी ते बाजूला सारलं.

पंचविसाव्या वर्षाचा मेळावा शनिवारी होता. त्यात ताईंनी पुढच्या दहा वर्षांची दृष्टी मांडायची, असं मंडळाच्या समितीने ठरवलं होतं. वीस कॉलेजं हा आकडा समितीने आधीच धरला होता. ताईंनी त्याला फक्त शब्द द्यायचे होते. पंधरा दिवस त्या कागद घेऊन बसत होत्या. लिहीत, फाडत. नवरा म्हणायचा, "मी रोज एकाच रस्त्याने चाळीस पोरं नेतो आणि चाळीस परत आणतो. माझी दृष्टी विचारा कुणीतरी, एका ओळीत सांगतो." ताई त्याला गप्प बस म्हणत.

गुरुवारी सकाळी ताई मुलींच्या वसतिगृहात गेल्या. मेळाव्याला बाहेरून येणाऱ्या मुलींची राहायची सोय करायची होती. तिथल्या रेक्टरबाई कडक, पण शब्दाच्या पक्क्या. त्यांनी ताईंचं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते बघू. आधी सांगा, तुमच्या मुलीचं सामान कधी नेताय?"

"कुठल्या मुलीचं?"

रेक्टरबाईंनी नोंदवही उघडून पुढे सरकवली. स्थानिक पालकाच्या रकान्यात ताईंचं नाव होतं. नात्याच्या रकान्यात तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: ताई.

अक्षर ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली एक उंच, काटकुळी मुलगी बैठकीला आली होती. तिला पहिल्या दिवसापासून सगळे पेन्सिलच म्हणायला लागले. हसताना तोंडावर हात धरायची. तिचा गट लहान, अजून जुन्या खोलीतच बसायचा. रिकामं स्टूल कुणाचं म्हणून तिने विचारलं, ताईंनी नियम सांगितला, तर म्हणाली, "म्हणजे दांडी मारायची सोयच नाही!" "नाहीच," ताई म्हणाल्या होत्या. "तू आली नाहीस तर मी येईन." आई-वडील नसलेली, मामाकडे वाढलेली पोर. तिने हे वाक्य किती घट्ट धरून ठेवलं असेल, ते ताईंना आता त्या रकान्याकडे बघताना कळलं.

"ती कुठे आहे?" ताईंनी विचारलं.

"तीन महिने झाले जाऊन. तुम्हाला ठाऊक नाही?" रेक्टरबाईंचा आवाज चढला. "अहो बाई, तीन आठवडे ती पोरगी खाटेवरून उठली नाही. ताट जसंच्या तसं परत. काही विचारलं की भिंतीकडे तोंड. दोनदा डॉक्टर आणले. ते म्हणाले, जवळचं कुणी असेल तर बोलवा. मी तिलाच विचारलं, कुणाला बोलवू? म्हणाली, बोलवायला नको, गुरुवारी ताई येतील."

ताईंनी खुर्चीचा हात धरला.

"पहिला गुरुवार गेला, दुसरा गेला. मी तुमच्या मंडळाच्या नंबरावर फोन लावला. तुमच्या त्या कार्यवाहाने उचलला. म्हणाला, हो हो, आम्हाला माहीत आहे, आम्ही तिला प्रार्थनेत ठेवलंय. मला वाटलं, म्हणजे कुणीतरी येतंय. तिसराही गेला. मग मामाला बोलावलं, तो घेऊन गेला."

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते काय, हे ताईंना त्या कचेरीत समजलं. यादीत पेन्सिलचं नाव होतं. सतरावं. 'पेन्सिल, तब्येतीसाठी.' आज पहाटेही त्यांनी ते घेतलं होतं. एकदा तर त्या नावापाशी त्यांचे डोळे भरून आले होते आणि आपलं मन अजून कोरडं झालेलं नाही म्हणून त्यांना बरं वाटलं होतं. ते आठवून त्यांना स्वतःची किळस आली.

"अजून एक," रेक्टरबाई थोड्या नरमल्या. "परीक्षेचा फॉर्म उद्या पाचला बंद होतो. हजेरी कमी आहे, पण मी प्राचार्यांना विचारून ठेवलंय. ती स्वतः आली आणि पालकाने सही केली तर घेतील. नाही आली तर वर्ष गेलं. आणि एकदा गेलं की मामा काही तिला परत पाठवायचा नाही. मी बघितलंय त्याला. वाईट नाही, पण थकलेला माणूस आहे."

बाहेर पायरीवर बसूनच ताईंनी घड्याळाला फोन लावला. "पेन्सिलकडे कोण गेलं होतं?"

"एक मिनिट हं, बघतो." की-बोर्ड वाजला. "गटप्रमुखाचा फॉर्म आहे, 'हो'. विभागप्रमुखाचा 'हो'. मुलींच्या काळजीगटाचाही 'हो' आहे. सोळा आठवडे, ताई, एकही रकाना सुटलेला नाही."

"गेलं कोण होतं?"

पलीकडे की-बोर्ड पुन्हा वाजला आणि थांबला. "ताई," तो शेवटी म्हणाला, "मला वाटलं, ते गेले असतील."

ते म्हणजे कोण, हे त्यालाही सांगता आलं नसतं. गटप्रमुखाला वाटलं होतं, काळजीगट जाईल. काळजीगटाला वाटलं होतं, इतकी माणसं प्रार्थना करताहेत म्हणजे कुणीतरी नक्कीच जाऊन आलंय. आणि ताईंना काय वाटलं होतं? त्यांना काही वाटलंच नव्हतं. त्या नाव घेत होत्या आणि पुढच्या नावाकडे जात होत्या.

शुक्रवारी नवऱ्याने सकाळची फेरी आटोपली, दुपारची फेरी सोबतच्या चालकाच्या गळ्यात घातली आणि मुख्याध्यापकांना विचारून बस घेतली. मामाचं गाव दोन तासांवर. रिकाम्या बसमध्ये ताई चालकामागच्या पहिल्या सीटवर बसल्या होत्या. पर्समध्ये फॉर्म होता. एरवी तोंडाची टकळी बंद न करणारा नवरा अख्ख्या रस्त्यात एवढंच म्हणाला, "पाणी पी."

मामाचा पुठ्ठ्याची खोकी करण्याचा छोटा कारखाना होता. पत्र्याखाली पाच-सहा जण जमिनीवर बसून पुठ्ठे मोडत होते, कडांना गोंद लावत होते. मामा उठून आला. "घेऊन जा बाई," तो म्हणाला. "मी कुठे अडवलंय? तीच नाही म्हणते. निदान इथे जेवते तरी."

पेन्सिल भिंतीला टेकून बसली होती. अंबाडा नव्हता, केस कापून टाकले होते. मांडीवर पुठ्ठा घेऊन ती लाकडी पट्टीने घडी दाबत होती. ताईंकडे तिने एकदा बघितलं आणि परत पट्टी चालवायला लागली.

"फॉर्म आणलाय," ताई म्हणाल्या.

पहिलं वाक्यच चुकलं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेला नियम त्यांनी दारातच मोडला.

"हातात काही न्यायचं नसतं ना, ताई?" पेन्सिल म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

ताई तिच्यासमोर पुठ्ठ्यांच्या कपट्यांत बसल्या. गुडघे कुरकुरले. "चुकलं माझं. फार मोठं चुकलं. शिक्षा कर मला काय हवी ती. पण पाचच्या आत पोचलो तर तुझं वर्ष वाचेल. बस बाहेर उभी आहे."

"मी तीन गुरुवार कडी लावली नव्हती," पेन्सिल म्हणाली. "बाहेर चपला वाजल्या की उठून बसायची. तुमच्या चपलेचा आवाज मला माहितीये, डावी जास्त घासते. बाकी दिवसभर फोन वाजायचा. तुझ्यासाठी प्रार्थना करतोय, तुझ्यासाठी प्रार्थना करतोय. आधी बरं वाटलं. मग फोन उशीखाली ठेवला. मग बंदच केला."

"मी रोज सकाळी तुझं नाव घेत होते गं."

"माहितीये." तिने पट्टी खाली ठेवली. "त्याचाच तर राग येतो. विसरला असतात तर चाललं असतं. माणूस विसरतो. तुम्हाला रोज आठवण होती."

ताईंनी तिचे हात धरायचा प्रयत्न केला. ते गोंदाने चिकट होते आणि तिने ते सोडवून घेतले. ताई रडल्या, चारचौघांत रडल्या, खोकी करणारी माणसं अवघडून माना खाली घालून बसली. "माझ्यासाठी नको येऊस. मंडळासाठी तर नकोच. तुझ्यासाठी ये. एवढी सही कर."

"उद्या मेळावा आहे ना?" पेन्सिलने विचारलं. "मला स्टेजवर उभं करणार होतात?"

"नाही!" ताई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला. कारण येताना बसमध्ये, अगदी क्षणभर, ते चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं होतं: पोर परत आलेली, सभागृह उभं राहिलेलं, आणि दृष्टीच्या भाषणाची सुरुवात एकदाची सापडलेली. पोरीने ते चित्र त्यांच्या तोंडावर वाचलं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "उशीर होईल."

ताई तीनपर्यंत बसून राहिल्या. मामाने पाणी आणून दिलं. पेन्सिल खोकी करत राहिली. मग बस निघाली, कारण नंतर ती आली असती तरी उपयोग नव्हता. पाच वाजले तेव्हा ते शहरात शिरत होते आणि पुढे लाल दिवा होता. नवऱ्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग आरशातून बायकोकडे. ताई मांडीवरचा फॉर्म चौथ्यांदा घडी घालत होत्या. पंचवीस वर्षं आपण काय केलं, हा प्रश्न त्यांना तिथे पहिल्यांदा पडला, आणि त्याचं उत्तर काहीच नाही असं त्यांना ठामपणे वाटलं.

शनिवारी त्या स्टेजवर उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता. त्यांनी जे झालं ते सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता: स्टूल, यादी, सतरावं नाव, उघडी कडी. "आपण तिच्यासाठी प्रार्थना केली आणि कुणी गेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी गेले नाही. मला पुढचं काही दिसत नाही. वीस कॉलेजं दिसत नाहीत. मला नऊसुद्धा दिसत नाहीत. थांबूया. मोजूया आधी, कोण कुठे आहे."

पुढच्या रांगेतल्या मुली रडत होत्या. मग टाळ्या वाजल्या. टाळ्या! ताईंना वाटलं, आपण काय बोललो ते कुणाला ऐकूच गेलं नाही. इतक्यात घड्याळ पुढे आला. त्याचे डोळे लाल झाले होते. तो नाटक करणाऱ्यातला नव्हता. त्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाला, "आपल्या या बहिणीसाठी सगळे उभे राहून प्रार्थना करूया."

चारशे जण उभे राहिले. चारशे माना खाली गेल्या. प्रार्थना सुंदर झाली. ताई मात्र डोळे उघडे ठेवून त्या गर्दीकडे बघत होत्या. एक जण, देवा, यांतला एकच जण दाराकडे निघू दे, असं त्या मनात म्हणत राहिल्या. कुणी निघालं नाही. दुपारच्या सत्रात समितीने वीस कॉलेजांचा ठराव वाचला. ताईंच्या भावना लक्षात घेऊन त्यात 'सदस्यांची काळजी अधिक प्रभावीपणे घेण्यात येईल' अशी ओळ घातली गेली आणि ठराव एकमताने पास झाला.

त्यानंतरच्या गुरुवारी ताई बैठकीला गेल्या नाहीत. त्या सकाळची बस पकडून खोक्यांच्या कारखान्यात गेल्या, रिकाम्या हाताने. पेन्सिलच्या शेजारी बसल्या, संध्याकाळी उठून परत आल्या. ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या गुरुवारी तिने चार पुठ्ठे ताईंकडे सरकवले. ताईंनी खोकी केली. चारही वाकडी निघाली. सूक्ष्मदर्शकाखाली झुरळाचा पाय मांडणाऱ्या बाईला साधी घडी जमेना. पेन्सिलने ती उकलून पुन्हा केली. तिसऱ्या गुरुवारी एक खोकं सरळ झालं. चौथ्या गुरुवारी पेन्सिल म्हणाली, "गोंद कमी लावा." त्या महिन्यात ताईंच्या पदरात पडलेलं एवढंच.

घरी त्यांना प्रार्थना करता येईनाशी झाली. डोळे मिटले की यादी समोर यायची. देव आहे यात त्यांना शंका नव्हती. तो आपल्यावर रागावला असेल याचीही नव्हती. त्या नुसत्या बसून राहत. नवरा शेजारी येऊन बसे आणि थट्टा करायचं टाळे, यावरून त्यालाही किती काळजी वाटत होती ते कळतं.

पाचव्या गुरुवारी त्यांना उठवेना. दोन दिवस ताप होता, आता छातीत कफ भरला. डॉक्टर येऊन गेला. जाऊ नका, म्हणाला. नवऱ्याने बसचं तिकीट काढायला साफ नकार दिला आणि बातमी मंडळात कळवली. कळवायला नको होती. चार वाजल्यापासून उशाशी ठेवलेला फोन थरथरायला लागला. 'ताई, तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.' 'ताई, आमच्या गटाने आज तुम्हाला प्रार्थनेत ठेवलंय.' घड्याळाचा निरोप सगळ्यांत लांबलचक आणि प्रेमाचा होता. शेवटी लिहिलं होतं, 'तुमचं नाव यादीत पहिलं घेतलंय.'

ताईंना हसू आलं आणि खोकला आला. मग हसू गेलं. "दार उघडं ठेव," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"वारा येतोय."

"येऊ दे."

त्याने दार उघडं ठेवलं. जिन्यात चपला वाजल्या, ताईंनी मान उचलली. वरच्या मजल्यावरची बाई होती. पुन्हा वाजल्या, ते पत्र टाकणारे होते. घड्याळ ज्या कॉलेजात बैठक घेतो ते इथून चालत दहा मिनिटांवर, बैठक साडेपाचला सुटते. साडेपाच झाले, सहा झाले. समोरच्या इमारतीच्या भिंतीवरचं ऊन गच्चीपर्यंत चढलं आणि गेलं. ताईंना घड्याळाचा राग आला नाही. तो आता नऊ कॉलेजांचे फॉर्म गोळा करत असेल आणि प्रत्येकावर 'हो' असेल. त्यांनी त्या पोरीचे तीन गुरुवार आठवून पाहिले, एकेक तास, आणि भिंतीकडे तोंड केलं.

नवऱ्याने दिवा लावला. तो स्वयंपाकघरात गेला, भांड्यांचा आवाज झाला, मग थांबला. "अगं," तो म्हणाला. "कुणीतरी आलंय."

दारात पेन्सिल उभी होती. दोन तासांच्या प्रवासाने विस्कटलेली, बोटांवर वाळलेल्या गोंदाचे पापुद्रे. हातात काही नव्हतं.

"उशीर झाला," ती म्हणाली. "दुपारपर्यंत वाट बघितली तुमची. मग निघाले, तर बस चुकली. दिवस मावळायच्या आत यायला हवं होतं."

ताईंना फार काही विचारायचं होतं. कॉलेजचं, पुढच्या वर्षाचं, मामा काय म्हणाला याचं. त्यांनी काही विचारलं नाही. खोलीच्या कोपऱ्यात ते जुनं स्टूल होतं, वर रद्दीचा गठ्ठा. पेन्सिलने गठ्ठा उचलून खाली ठेवला, स्टूल खाटेजवळ ओढलं आणि बसली.

"मी मंडळात परत येणार नाही," ती म्हणाली.

"बरं."

"नुसती बघायला आलेय."

"बरं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी तोंडावर पांघरूण ओढून घेतलं, कारण रडण्याचा आवाज ऐकू गेला असता. नवरा दारात उभा होता, हातात ओलं भांडं तसंच. उशाशी फोन पुन्हा थरथरला, थांबला, परत थरथरला. तो कुणी उचलला नाही.